तांबडं म्हणजे खुशाल

आबा, आज संध्याकाळी मला फोन लावायचाय आणि माझा हात धजत नाहीय.

तुमच्याच नंबरवर लावायचाय. दहावा उरकून काल आम्ही बजाजनगरला परत आलो. मायला लई विनवलं, चल आमच्यासंगं, गावात एकटी काय करशील. ती भाकरी थापत होती, मान वर करूनसुद्धा बघितलं नाही तिनं. म्हणाली, मेंढरं कोण बघणार. मेंढरं तर आता किसनतात्या त्यांच्या कळपात घेऊन जातात, तिला बघायला काय उरलंय. पण तिच्याशी वाद कोण घालणार, तुम्हीसुद्धा कधी जिंकला नाहीत. शेवटी तुमचा फोन त्या निळ्या पिशवीसकट खुंटीला अडकवला, चार्जर कुठं लावायचा ते दाखवलं, रोज दिवस मावळताना मी फोन करीन म्हणून सांगितलं आणि निघाले. ती व्हय म्हणाली नाही, नाय पण म्हणाली नाही.

आज मी कंपनीत गेले नाही. सकाळपासून घरातल्या घरात फिरतेय. आता ऊन भिंतीवरून खाली सरकायला लागलंय. एरवी लोकांना फोन कट झाला की राग येतो, मला मात्र तो पूर्ण वाजला की घाम फुटतो. आणि कुणी उचलला तर त्याहून वाईट. असं कसं झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला परत एकदा सांगू द्या. सांगत बसले की दिवस मावळेपर्यंतचा वेळ तरी निघेल.

भित्री मी पहिल्यापासून. तुम्ही चारचौघांत सांगायचा, आमची सुमी कुत्र्याला भीत नाय, लांडग्याला भीत नाय, नुसती उशिराला भिती. खरंच होतं ते. आपलं बिऱ्हाड रानोमाळ असायचं तेव्हा दिवस कलला की माझं खेळणं सुटायचं. तुमचा कळप दिसायचा नाही, आणि मी मायचा पदर धरून तिला सारखी म्हणायची, हाळी दे ना गं, हाळी दे ना. माय तोंडापुढं दोन्ही हात धरून हाळी द्यायची. मग सगळं गप्प. आणि मग लांबून, कुठल्या तरी टेकाडामागून तुमची ओ यायची. ती आली की मी पदर सोडायची आणि खेळायला पळायची.

आपल्यात हाक बिऱ्हाडावरूनच जायची. मेंढरांमागच्या माणसानं हाक मारायची नाही, मेंढरं बुजतात, रान धरतात. त्यानं फक्त ओ द्यायची. हे तुम्ही मला शिकवलं आणि याच्यावरूनच पुढं आपलं भांडण झालं. ते भांडण मिटलं नाही, आबा. ते तसंच राहिलं.

गेल्या थंडीत तुम्ही रानात चक्कर येऊन बसलात. वाटेनं जाणाऱ्या कुणी तरी पाणी पाजलं आणि घरी आणून सोडलं. मला कळलं ते दोन दिवसांनी, तेही मायच्या तोंडून सहज निघून गेलं म्हणून. डॉक्टरांनी छातीला मशीन लावून सांगितलं, एकट्यानं रानात जायचं नाही. तुम्ही त्यांच्यासमोर मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन निघालात. तुमचा बटणाचा फोन तर कधीचा बंद पडून फळीवर पडला होता. मग मीच ठरवलं, आबांना मोठा फोन घ्यायचा. त्याच्यावर तुम्ही कुठं आहात ते मला इथं बसून दिसणार होतं. तुम्हाला कारण वेगळं सांगितलं, म्हटलं नातवंडांचे फोटो बघता येतील. तुम्ही म्हणालात, नातवंडं हाडामासाची घिऊन यी की.

फोन घेतला तेव्हाच गुलमंडीच्या बाजारातून ती निळी पिशवी घेतली, गळ्यात अडकवायची दोरी असलेली. पहिल्या दिवशी तुम्ही तो दोन्ही हातांत असा धरलात, जसं आत्ता जन्मलेलं कोकरू धरतात. आयुष्यभर काठीच्या जोरावर रानात झोपलेला माणूस, पण त्या काचेला हात लावायला घाबरत होता. तुम्ही मला हळूच विचारलंत, माझ्या हातून भलतंच दाबलं गेलं तर तिकडं तुझं काय बिघडंल का? मी हसले. आज ते आठवतं तेव्हा हसू येत नाही. तुम्हाला फोनचं काहीच वाटत नव्हतं, तुम्हाला भीती माझ्यासाठी होती.

काच तुमचं बोट ओळखतच नव्हती. अंगठा दाबला, काही नाही. पहिलं बोट, काही नाही. दोरखंड, कुऱ्हाड, कातर धरून तुमची बोटं एवढी राठ झाली होती की फोनला वाटत होतं लाकडाचा तुकडाच लागतोय. तुम्ही बोटं धोतराला पुसली, जिभेला लावली, शेवटी मायच्या अंगावर डाफरलात की तिनंच काही तरी केलं. मग एकेक बोट लावून बघताना करंगळी चालली. काठी काखेत मारून, पागोटं सावरून, करंगळी उंच करून फोन दाबणारे तुम्ही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहात. माय तर त्याला सवतच म्हणायची. माझी सवत उपाशी हाय, लावा तिला चार्जिंगला.

दोन दिवस राहून मी सगळं शिकवलं आणि परत आले. संध्याकाळी फोन लावला. दोनदा वाजला आणि कट. परत लावला, परत कट. दुसऱ्या दिवशी तेच. आबा, माझ्या डोक्यात काय काय आलं म्हणून सांगू. फोन चोरीला गेला. तुम्ही रागावला. तुम्ही पडलात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात फोन आहे. मी किसनतात्यांना फोन केला, म्हटलं, तात्या, असाल तसे पळा, आबांचं काही तरी झालंय. तुमचे चुलतभाऊ बिचारे, त्यांचं वय काय कमी आहे का, ते धापा टाकत नाल्यापर्यंत पळाले. तुम्ही लिंबाखाली बसून तंबाखू मळत होता. तात्यांनी मला तिथूनच फोन करून अशा शिव्या दिल्या की शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं का.

कट होणं काही थांबेना. शेवटी सुट्टीच्या दिवशी मी गावाला आले. तुमच्या बाजूला बसले, माझ्या फोनवरून तुम्हाला फोन लावला आणि बघत राहिले. तुमचा फोन वाजला. तुम्ही तो पिशवीतून काढलात, करंगळी उचललीत आणि ठामपणे तांबडं दाबलंत. मग फोन कानाला लावलात आणि म्हणालात, "ओ. बोल सुमे. बरं हाय इकडं."

मी तुमच्यासमोर बसले होते आणि तुम्ही त्या कट झालेल्या फोनवर माझ्याशी बोलत होता.

मी म्हटलं, आबा, हिरवं दाबायचं, हिरवं. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मीच येडी. म्हणालात, "हिरवं किसनाचं. आपलं तांबडं."

तेव्हा मला उमगलं. आपल्या मेंढरांच्या पाठीवर तांबडा रंग, तात्यांच्या मेंढरांवर हिरवा. एकाच पाण्यावर दोन कळप आले की वेगळे करताना तुमचा हात सगळा जन्म तांबड्यावरच गेला. हिरव्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या जनावराला हात लावणं. मी तुम्हाला शिकवताना एवढंच म्हटलं होतं की माझा फोन आला की बटण दाबायचं. समोर तांबडं दिसल्यावर तुम्ही विचार तरी कशाला कराल.

मी विचारलं, मग इतके दिवस रोज असंच बोलत होता? तुम्ही म्हणालात, मग? रोज सांगत व्हतो की सगळं. तू काय बोलत नव्हतीस, मला वाटलं पोरगी कामावरनं दमून आली आसंल, नुसती ऐकती.

काय सांगत होता, आबा? मी तेव्हाच विचारलं होतं, आणि तुम्ही मेंढरांचंच काय काय म्हणून टाळलंत. तुम्ही माझ्याशी कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला नाहीत. लग्नात पाठवणीला रडला नाहीत, गाडीच्या चाकाला ढेकूळ लावायला निघून गेलात. तोच माणूस इतक्या संध्याकाळी माझ्याशी बोलत होता आणि मी इकडं तोंडात पदर कोंबून घाबरत बसले होते. ते बोलणं कुठं गेलं? मला ते पाहिजे होतं.

हिरव्याची सवय लावायला मी लई धडपडले. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. म्हणालात, आसं कर, मी तांबडं दाबलं म्हणजी समजायचं, आबा खुशाल हाय. काय वंगाळ झालं तरच हिरवं दाबीन. मला ते एकदम पटलं. मायची हाळी आणि तुमची ओ, तसंच झालं हे. त्या दिवसापासून मी दिवस मावळताना फोन लावायची, तुम्ही कट करायचा, आणि तिकडून टुक टुक आवाज आला की मी गॅस पेटवून चहा ठेवायची. कधी टेकाडामागं रेंज नसली की फोनमधली बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर, आणि मी चूल, पोरं, सगळं सोडून पुन्हा पुन्हा लावत बसायची. ह्यांना सवय झाली होती. हे विचारायचे, झालं का कट? आणि मी झालं म्हटलं की मगच जेवायला बसायचे. तिकडं तुम्ही घरी पोचलात की माय विचारायची, पोरीला दाबलं का?

आता ते भांडण. मी म्हणत होते, आबा, तुमच्याकडून फोन लावायला पण शिका. माझ्या नावावर करंगळी ठेवायची, बस. तुम्ही ऐकलंच नाही. मेंढरांमागच्या माणसानं हाक मारायची नसती. मी चिडले. म्हटलं, हा फोन आहे, याला मेंढरं बुजत नाहीत. तुम्ही म्हणालात, मेंढरांचं सोड. अवेळी माझी हाक गेली तर तू बुजशील.

तुम्ही मला ओळखून होता. पण तुमचं चुकलं, आबा. हे मी आज सांगते, तुम्हाला आवडो न आवडो. मी बुजले असते, घाबरले असते, घरातून अनवाणी पळत सुटले असते, पण मला ती हाक यायला पाहिजे होती.

त्या दिवशी माझी सुट्टी जरा उशिरा झाली. आम्हाला मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, तो घेतला आणि कंपनीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहून तुम्हाला लावला. गर्दी होती, बसेस, रिक्षा, चहाच्या गाड्या. एकदा वाजला. आणि कुणी तरी उचलला.

तुम्ही हिरवं दाबलं होतं.

मला आधी कानात फक्त घंटा ऐकू आल्या, आपल्या मेंढरांच्या. मग श्वास. मी म्हटलं, आबा? तुम्ही म्हणालात, "ओ."

एवढंच. पण ती ओ कशी होती ते माझं मला माहीत. ह्यांना मी दुसऱ्या बाईच्या फोनवरून कळवलं, ह्यांनी तात्यांना फोन लावला. माझ्या फोनवरच्या नकाशात तुमचा निळा ठिपका नाल्याच्या बांधाला होता, तो मी सांगितला, आणि तात्या निघाले. हे सगळं करताना मी तुमचा फोन ठेवला नाही. मला वाटत होतं, ठेवला की संपलं. मी बोलत राहिले. तात्या निघालेत म्हटलं. डोळे मिटू नका म्हटलं. मग बोलायला काहीच उरेना, तेव्हा मी काहीही बोलले. गाभण मेंढीचं विचारलं. मायनं दुपारी काय भाजी दिली होती ते विचारलं. तुम्ही कशाचंच उत्तर दिलं नाही. पण मी आबा म्हटलं की तुम्ही ओ म्हणायचा. मी आबा म्हणायची, तुम्ही ओ म्हणायचा. प्रत्येक वेळी जरा लांबून. रस्त्यावरची माणसं माझ्याकडं बघत होती. मी तिथंच धुळीत बसले होते.

मग मी आबा म्हटलं आणि नुसत्या घंटा वाजल्या.

पुढं तात्यांचा आवाज आला, तुमच्या नावानं ओरडण्याचा, मग पळण्याचा. मग तात्यांनी तो फोन उचलला आणि म्हणाले, "सुमे, ठेव आता, बाई."

मला एका गोष्टीनं झोप येत नाही, आबा. तुम्ही तिथं कधीपासून पडला होता? मला ठाऊक नाही. तात्या म्हणतात, कळप पांगला नव्हता, म्हणजे फार वेळ झाला नसंल. वैजापूरच्या डॉक्टरांनी पण तसंच सांगितलं. ते माझी समजूत घालत असतील. फोन तुमच्या छातीवर होता आणि तुम्ही हाक मारली नाहीत. दिवस मावळायची वाट बघत पडून राहिलात, माझी हाक येईल म्हणून. आत्ता येईल, मग येईल, असं वाटत असेल ना तुम्हाला? तुम्हाला भीती वाटत होती का? हे मला कुणीच सांगू शकत नाही. मी भांडी घासताना, बसमध्ये, मध्येच थांबते आणि मला ते दिसतं. ऊन, बांध, आणि तुम्ही करंगळी तयार ठेवून.

आणि तरी मला तुमचे उपकार वाटतात. तांबड्यावर जाणारा तो हात त्या वेळी तुम्ही हिरव्यावर नेलात. ठरलं होतं तसंच केलंत. माझी हाक पोचली आणि तुमची ओ आली, शेवटपर्यंत आली. किती लेकींना एवढं तरी मिळतं.

दहाव्याला नदीवर तात्या माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, तुला एक सांगायचं राह्यलं. आबा लई दिवस हसवायचा मला. तुझा फोन आला की तांबडं दाबायचा, आणि दाबून झालं की फोन कानाला लावून बोलत बसायचा तुझ्याशी. मी म्हणायचो, दादा, ते बंद झालंय, तिला जात नाय. तर म्हणायचा, ठाऊक हाय मला.

ठाऊक होतं तुम्हाला. म्हणजे सगळं कळल्यानंतरही तुम्ही बोलत होता. तुम्ही काय बोलायचा म्हणून मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, बाप-लेकीचं बोलणं मी कशाला ऐकू, मी लांब जायचो.

आबा, दिवस गेला बघा. भिंतीवरचं ऊन पार खाली उतरलं. तात्या मेंढरं घेऊन गावात शिरत असतील, माय ओट्यावर बसली असेल. की नसेल? ती आज जेवली का? सकाळपासून तिला कुणी बघितलं का? लहानपणीची तीच हाळीची वेळ झालीय. लावते आता.

लावला. एकदा वाजला. दोनदा. मायला तो फोन हातात धरायचंसुद्धा ठाऊक नाही. परत वाजला. खुंटीवर लटकत असेल, ती बाहेर असेल, ती पडली असेल. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि दारात येऊन उभे राहिले. वाजतोय, अजून वाजतोय, आता पूर्ण वाजणार. उचलू नको गं माय, देवा, हिला हिरवं दाबू देऊ नको.

टुक टुक टुक.

माझा विश्वास बसेना. रेंज गेली असेल, पिशवी घासली असेल. परत लावला. या वेळी पहिल्याच घंटेला कट. एवढ्या फटकाऱ्यानं कट करणारी आपल्या घरात एकच बाई आहे.

ह्यांनी विचारलं, झालं का कट? मी मान डोलावली. मग तो बंद झालेला फोन तसाच कानाला धरला. तिकडं माय करंगळी उंच करून, तिची सवत कानाला लावून, मला काय काय बोलत असेल. ते माझ्यापर्यंत येत नव्हतं. ठाऊक होतं मला.

"ओ, आबा," मी म्हटलं. "इकडं बरं हाय."